गोव्याचं नेव्हल एव्हिएशन म्युझियम: जाण्याआधी सगळे जे विचारतात ते प्रश्न

गोव्याची बुकिंग झाली की ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतोच, "तू ते विमानांचं म्युझियम म्हणत होतीस ना, कुठंय ते, मुलांना आवडेल का?" आणि मी दरवेळी तेच तेच टाइप करत बसते. म्हणून या वेळी सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी आत्तापर्यंत पाच वेळा जाऊन आलेय, पहिल्यांदा अर्ध्या तासात बाहेर पडले होते कारण काय बघायचं तेच कळत नव्हतं, आणि शेवटच्या वेळी तीन तास कमी पडले. तुमचं पहिल्या वेळेसारखं होऊ नये एवढ्यासाठी हे.

म्युझियम नक्की कुठे आहे? एअरपोर्टच्या आत जावं लागतं का?

नाही, एअरपोर्टच्या आत नाही. दाबोळीहून बोगमाळो बीचकडे जो रस्ता जातो त्या रस्त्यावरच आहे, वास्कोपासून साधारण 6 किलोमीटर. नेव्हीचा आयएनएस हंसा हा तळ शेजारीच आहे पण म्युझियमला वेगळं गेट आहे, आपण तिकीट काढायचं आणि आत जायचं. सोमवारी बंद असतं हे मात्र लक्षात ठेवा.

आमची फ्लाइट मोपाला उतरते, तिथून जवळ आहे का?

अजिबात नाही. मोपा म्हणजे पेडण्याकडे, उत्तर टोकाला, 2023 च्या जानेवारीत सुरू झालेला नवीन एअरपोर्ट. तिथून बोगमाळो म्हणजे जवळजवळ अख्खा गोवा पार करायचा. तिकीट काढताना दाबोळी की मोपा ते नीट बघा. परतीची फ्लाइट दाबोळीहून असेल तर मात्र सोन्याहून पिवळं, हॉटेलमधून चेकआउट करून सामान घेऊन निघालात की मधल्या वेळात म्युझियम आरामात होतं.

ट्रेनने येणाऱ्यांनी?

पुणे, सातारा, मिरज, बेळगाव या बाजूच्या लोकांना गोवा एक्सप्रेस थेट वास्कोला आणून सोडते. कोकण रेल्वेने आलात तर मडगावला उतरा आणि पुढे बस नाहीतर टॅक्सी. पणजीहून येणाऱ्यांना आता झुआरीवरचा नवा पूल झाल्यामुळे कुठ्ठाळीचा तो जुना ट्रॅफिक जॅम तेवढा त्रास देत नाही.

गोव्यात जाऊन म्युझियम कशाला, बीच सोडून?

बीच दोन मिनिटांवर आहे हो, बोगमाळोचाच, म्युझियम झालं की तिथेच जाऊन मासे खा. पण खरं सांगायचं तर ही जागा गोव्यातच का आहे याला कारण आहे. दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीजांनी 1950 च्या दशकात बांधली. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त करायला ऑपरेशन विजय झालं तेव्हा आपल्या वायुसेनेच्या कॅनबेरा विमानांनी 18 तारखेला याच धावपट्टीवर बॉम्ब टाकले, तिथे उभी असलेली प्रवासी विमानं मुद्दाम वाचवली, आणि त्याच रात्री पोर्तुगीजांनी घाईघाईने खड्डे बुजवून त्यातलं एक कॉन्स्टेलेशन जातीचं विमान कराचीला पळवलं! गोवा मुक्त झाल्यावर धावपट्टी नेव्हीकडे आली आणि 1964 मध्ये आयएनएस हंसा कोइंबतूरजवळच्या सुलूरहून इथे हलवलं. तेव्हापासून विमानवाहू जहाजावरची लढाऊ विमानं जमिनीवर असताना राहतात ती इथे. म्हणजे म्युझियममधली बरीचशी विमानं लांबून कुठून आणून ठेवलेली नाहीत, ती इथूनच उडायची. म्युझियम सुरू झालं ते 1998 च्या ऑक्टोबरमध्ये.

किती वेळ ठेवायचा?

कमीत कमी दोन तास. मोठी विमानं सगळी बाहेर उघड्यावर आहेत, त्यामुळे सकाळी दहाच्या आसपास पोचा, आधी बाहेरचं बघा आणि ऊन चढलं की आतल्या गॅलरीत शिरा. उलटं केलंत तर एप्रिल-मेमध्ये हाल होतात, पत्रा असा तापतो की जवळ उभं राहवत नाही. टोपी, पाणी, पायात बूट. पावसाळ्यात छत्री घेऊन गेलात तर गर्दी शून्य असते आणि ओली विमानं फार सुंदर दिसतात, मला तर ऑगस्टच आवडतो.

ते तीन शेपट्यांचं भलंमोठं विमान कुठलं? ते तर प्रवासी विमानासारखं दिसतं

कारण ते प्रवासी विमानच होतं! लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन, आणि माझ्या मते फक्त या एकासाठीसुद्धा वाकडी वाट करून यावं. एअर इंडियाने 1950 च्या दशकात ही विमानं घेतली, राणी ऑफ झाशी वगैरे राण्यांची नावं असायची त्यांना, मुंबईहून लंडनला जायची. मग बोइंग 707 जेट आली आणि या राण्या जुन्या झाल्या, तर त्या वायुसेनेला दिल्या. वायुसेनेने त्यांना समुद्रावर टेहळणीला लावलं, 6 नंबरच्या स्क्वॉड्रनकडे, जी तेव्हा पुण्याला होती (लोहगावच्या आसपास राहिलेल्या जुन्या लोकांना विचारा, आकाशात बघितलेलं आठवेल त्यांना). 1976 मध्ये समुद्रावरच्या टेहळणीचं काम नेव्हीकडे आलं तेव्हा पाच विमानं दाबोळीला आली आणि 1980 च्या दशकापर्यंत उडत राहिली. एकाच विमानाने तीन नोकऱ्या केल्या.

आता जवळ जाऊन काय बघायचं. पहिलं, तीन शेपट्या का? शेपटीला तेवढं क्षेत्रफळ हवंच होतं, पण एकच उंच शेपूट केली असती तर त्या काळच्या हँगरच्या दारातून विमान आत गेलं नसतं, म्हणून तेच क्षेत्रफळ तीन बुटक्या शेपट्यांत वाटून टाकलं. दुसरं, पुढच्या चाकाजवळ उभे राहा आणि तो पाय किती उंच आहे ते बघा, एवढा उंच का तर पंखे इतके मोठे आहेत की ते जमिनीला लागू नयेत. तिसरं, चार इंजिनं आणि प्रत्येकात 18 सिलिंडर, म्हणजे एका विमानात 72 सिलिंडर. आपल्या कारमध्ये तीन नाहीतर चार असतात. ते सांभाळणाऱ्या मेकॅनिकचं काय होत असेल विचार करा. आणि चौथं, लांबून सगळं बॉडी बघा, कुठे सरळ रेषाच नाही, माशासारखा बाक आहे पूर्ण. नंतरची विमानं नळकांड्यासारखी एकसारखी झाली कारण ती बनवायला सोपी, हा बाक परत कुणी दिला नाही.

सगळ्यात जुनं कुठलं? नेव्हीचं पहिलं विमान आहे का इथे?

शॉर्ट सीलँड बघा. नेव्हीचं पहिलं विमान याच जातीचं, 4 फेब्रुवारी 1953 ला कोचीला उतरलं, आणि त्याच वर्षी 11 मे ला कोचीचा आयएनएस गरुड तळ सुरू झाला. सीलँडची बॉडी खाली होडीसारखी आहे, खरंच होडीच आहे ती, पाण्यावरही उतरायचं आणि धावपट्टीवरही. बरेच लोक हे छोटं विमान बघून पुढे जातात, जाऊ नका, खाली वाकून तळ बघा.

फेअरी फायरफ्लायपण आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं डिझाइन. आपल्याकडे त्याचं काम होतं मागे लांब दोरीला कापडी निशाण बांधून उडायचं आणि खालून जहाजावरचे लोक त्या निशाणावर तोफांचा सराव करणार. पायलटचं काळीज केवढं असेल.

मराठी माणसाचा काही संबंध आहे का यात?

आहे, आणि इथे फार कमी लोक थांबतात म्हणून मुद्दाम लिहितेय. एचटी-2 नावाचं छोटं ट्रेनर विमान आहे, दोन सीटांचं, एका पंख्याचं. स्वतंत्र भारतात डिझाइन करून बनवलेलं हे हिंदुस्तान एअरक्राफ्टचं पहिलं विमान, 1951 मध्ये उडालं. ते डिझाइन करणाऱ्या टीमचे प्रमुख होते डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीत गटिंगेनला जाऊन लुडविग प्रांटल यांच्याकडे त्यांनी पीएचडी केली, प्रांटल म्हणजे विमानाच्या पंखाभोवती हवा कशी वाहते हे शास्त्र ज्यांनी उभं केलं ते. तिथे शिकून आलेला माणूस परत येऊन बंगळूरला विमान बनवतो आणि आपल्या पायलटांच्या पिढ्या त्यावर शिकतात. शाळेत आम्हाला हे नाव कुणी सांगितलं नाही, तुमच्या मुलांना त्या विमानासमोर उभं करून तुम्ही सांगा.

जहाजावर उतरणारं विमान आणि साधं विमान, फरक कसा ओळखायचा?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. दोन गोष्टी शोधायच्या, हूक आणि सांधा.

जहाजाचा डेक म्हणजे धावपट्टीच्या मानाने काहीच नाही. त्यामुळे विमान उतरताना शेपटीखालचा हूक खाली सोडतं, डेकवर आडव्या जाड तारा ताणलेल्या असतात, हूक तारेत अडकला की विमान काही सेकंदांत थांबतं. अडकला नाही तर पूर्ण ताकदीने परत वर जायचं. आणि डेकच्या खाली हँगरमध्ये जागा कमी, लिफ्ट छोटी, म्हणून पंख दुमडायचे. सी हॉक नावाचं जेट आहे तिथे, त्याच्या मागे जाऊन हूक बघा आणि मग पंखावर बोटाने हवेत रेघ ओढल्यासारखं करत तो सांधा शोधा जिथून पंख वर दुमडतो. सी हॉकची अजून एक गंमत, जेटचा धूर शेपटीतून निघत नाही, दोन्ही बाजूंना पंखांच्या मुळाशी दोन भोकं आहेत तिथून निघतो.

18 मे 1961 ला लेफ्टनंट ताहिलियानी विक्रांत या आपल्या विमानवाहू जहाजाच्या डेकवर उतरले, असं उतरणारे ते पहिले भारतीय नेव्ही पायलट, पुढे ते नौदलप्रमुख झाले. आणि 1971 च्या डिसेंबरमध्ये विक्रांतचा एक बॉयलर धड नसताना, म्हणजे जहाज पूर्ण वेगाने पळू शकत नसताना, याच सी हॉकनी बंगालच्या उपसागरातून उडून कॉक्स बझार आणि चितगावला हल्ले केले. त्या जातीचं विमान तुमच्यासमोर हातभर अंतरावर उभं आहे. इतकं छोटं असेल असं वाटत नाही, तेच तर बघायचं असतं.

शेजारचं व्हॅम्पायर बघाल तर पायलट बसतो तो पुढचा भाग लाकडाचा आहे, प्लायवूड आणि बाल्सा. जेट विमान आणि लाकडाचं! मुलांना आधी सांगू नका, ओळखायला लावा.

सी हॅरियर तेच ना जे हेलिकॉप्टरसारखं सरळ खाली उतरायचं?

तेच. इथे मी प्रत्येक वेळी सगळ्यात जास्त वेळ थांबते. बाजूला उभे राहिलात की पंखाखाली बॉडीला लागून नोझल दिसतील, दोन या बाजूला दोन त्या बाजूला, असे चार. पेगासस इंजिनाची सगळी ताकद या चार तोंडांतून बाहेर पडते, पुढच्या दोनांतून पंख्याची थंड हवा आणि मागच्या दोनांतून गरम धूर. पायलटने लिव्हर हलवला की चारही तोंडं एकदम खाली वळतात आणि विमान हवेत थांबतं. आता हवेत थांबलेल्या विमानाच्या पंखावरून हवाच वाहत नाही, मग ते डावं उजवं वळणार कसं? म्हणून नाकाला, शेपटीला आणि पंखांच्या टोकांना छोटी छोटी भोकं ठेवलीत, त्यातून इंजिनाची दाबाची हवा सोडून तोल सांभाळायचा. ती भोकं शोधा, सापडतात. चाकांची मांडणीपण बघा, मधे पुढे-मागे सायकलसारखी आणि पंखांच्या टोकांना दोन बारीक आधाराची चाकं, लहान मुलाच्या सायकलला लावतो तशी.

आणि आता मागे जाऊन हूक शोधा. नाहीये! लागतच नव्हता. सी हॉकच्या शेपटीखाली आत्ताच बघून आलात ना, म्हणून मी म्हणते आधी सी हॉक आणि मग हॅरियर, या क्रमाने बघा.

पहिली तीन हॅरियर ब्रिटनहून उडत उडत 16 डिसेंबर 1983 ला इथेच दाबोळीला उतरली. त्या स्क्वॉड्रनचे प्रमुख अरुण प्रकाश, तेही पुढे नौदलप्रमुख झाले. आणि 11 मे 2016 ला हॅरियर निवृत्त झाली तो समारंभही इथेच हंसावर झाला. 300 नंबरची ती व्हाइट टायगर्स स्क्वॉड्रन आता मिग-29के उडवते, नशीब चांगलं असेल तर तुम्ही म्युझियममध्ये असताना शेजारच्या धावपट्टीवरून एखादं उठेल. आवाज आधी छातीत जाणवतो आणि मग कानात. लहान बाळ असेल तर कान झाकायला तयार राहा.

हेलिकॉप्टरं आहेत का?

आहेत. चेतक, सी किंग, रशियन कामोव्ह-25 आणि ट्रेनिंगचं छोटं ह्यूज. कामोव्हला शेपटीचा पंखा नाही ते बघा, वर एकावर एक दोन पंखे आहेत उलट दिशेने फिरणारे, त्यामुळे गरजच नाही आणि लांबीही वाचते, जहाजाच्या छोट्या डेकवर मावायला.

आत काय आहे?

इंजिनं, टॉर्पेडो, बॉम्ब, पाणबुडी शोधायचे सोनोबॉय, पायलटचे कपडे, जुने फोटो, जहाजांची मॉडेलं. फोटोंखालचं वाचा, घाई करू नका. इंजिनं कापून आतलं दाखवलेलं आवडत असेल तर अर्धा तास तिथेच जाईल.

विक्रांत इथेच आहे ना?

नाही. हा गैरसमज खूप आहे. जुनी विक्रांत 1997 मध्ये निवृत्त झाल्यावर मुंबईत म्युझियम म्हणून उभी होती, आपल्यातल्या कितीतरी जणांनी शाळेच्या ट्रिपला बघितलीय, 2012 ला ते बंद झालं आणि 2014 मध्ये ती भंगारात विकली. विराट हे दुसरं विमानवाहू जहाजही 2020 मध्ये अलंगला तोडायला गेलं. मला आजही त्याचं वाईट वाटतं, दोन्हीतली एक तरी ठेवायला हवी होती. आता त्या डेकवरून जे उडायचं तेवढंच इथे उरलंय, म्हणून तर म्हणते बघून या.

कॉकपिटमध्ये बसता येतं का? विमानावर चढून फोटो?

चढायचं नाही. प्लीज. पंखावर पाय, चाकावर मूल उभं करून फोटो, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि एका विमानाच्या पत्र्यावर किल्लीने कोरलेली नावंही बघितलीत, संताप झाला माझा. समुद्र जवळ, खारी हवा, वर गोव्याचा पाऊस, अॅल्युमिनियमला एवढा त्रास आधीच पुरेसा आहे, रंगाला एक ओरखडा पडला की तिथून गंज आत शिरायला वाट मिळते. ज्याच्या आत शिरायचंच आहे त्यांनी विशाखापट्टणमला जावं, तिथे आरके बीचवर टीयू-142 हे प्रचंड रशियन विमान 2017 पासून म्युझियम म्हणून ठेवलंय आणि त्याच्या पोटातून चालत जाता येतं. गंमत म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन उडवणारी 312 नंबरची स्क्वॉड्रन पुढे हेच विमान उडवत होती, म्हणजे ती पुढची पिढी.

फोटो काढू देतात का?

मोबाईलने काढतात सगळे, मोठा कॅमेरा असेल तर तिकीट खिडकीवर आधी विचारा. शेजारी चालू असलेला नेव्हीचा तळ आहे, त्यामुळे कुंपणापलीकडे कॅमेरा धरायचा नाही आणि ड्रोन तर घरीच ठेवून या. फोटोसाठी एक सल्ला, अख्खं विमान मागे घेऊन सेल्फी सगळेच काढतात, तुम्ही रिव्हेटच्या ओळी, चाकाच्या बिजागऱ्या, पत्र्यावरच्या छोट्या सूचना यांचे काढा, घरी आल्यावर तेच परत परत बघितले जातात.

गोव्याला जमत नाही, जवळ काही आहे का?

मुंबईत वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला एचएफ-24 मारुत हे जेट आहे. बंगळूरला एचएएलचं हेरिटेज सेंटर आणि दिल्लीला पालमचं वायुसेनेचं म्युझियम, दोन्ही छान. पण जहाजावरची विमानं बघायची तर गोवाच.

आजी-आजोबांना नेलं तर कंटाळतील का?

उलट न्याच. आमच्या कॉलनीतले एक काका नेव्हीतून रिटायर झालेले, तरुणपणी दाबोळीला अलिझे विमानांवर मेकॅनिक होते. अलिझे म्हणजे पाणबुड्या शोधणारं फ्रेंच विमान, 310 नंबरची कोब्रा स्क्वॉड्रन, 1991 पर्यंत होतं. मागच्या वेळी त्यांना सोबत नेलं. वाटेत गाडीत एक शब्द बोलले नाहीत. म्युझियममध्ये शिरल्यावर सुपर कॉन्स्टेलेशनकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ अलिझेकडे गेले, पंखाला पुढे जे दोन फुगीर भाग आहेत त्यातल्या डावीकडच्या भागासमोर उभे राहिले आणि माझ्या मुलाला म्हणाले, "यात मागे चाक जातं आणि पुढे सोनोबॉय भरायचो. पोटाखाली रडार आहे ना, ते उडाल्यावर खाली यायचं आणि उतरायच्या आधी वर घ्यायचं, विसरलास तर गेलं." मुलगा अकरा वर्षांचा, त्याने पन्नास प्रश्न विचारले आणि काका प्रत्येकाचं उत्तर देत राहिले, पाऊण तास, उन्हात, उभ्याने. निघताना त्यांनी त्या विमानाचा नंबर रुमालाच्या घडीतल्या छोट्या डायरीत लिहून घेतला. तेव्हा घरी असं कोणी असेल तर पाण्याची बाटली जास्तीची घ्या आणि एक फोल्डिंग स्टूल गाडीत टाका.